सोळाव्या वर्षी नंबर दोन, अठराव्या वर्षी ‘जुनी’: डान्स क्रेझच्या काळातली डी डी शार्प

मेहमूदच्या ‘भूत बंगला’मधलं (१९६५) मन्ना डे यांचं ‘आओ ट्विस्ट करें’ माहीत नाही असा जुन्या गाण्यांचा शौकीन सापडणार नाही. राहुल देव बर्मन यांची ती चाल चबी चेकरच्या ‘लेट्स ट्विस्ट अगेन’ (१९६१) या अमेरिकन गाण्यावरून आलेली. मूळ गाणं काल मॅन आणि डेव्ह अ‍ॅपेल या जोडीचं. फिलाडेल्फिया शहरातल्या कॅमिओ-पार्कवे या छोट्या रेकॉर्ड कंपनीत बसून हे दोघं नाचाची गाणी एकामागून एक काढत होते. याच कंपनीने १९६२ साली सोळा वर्षांच्या एका मुलीला देशभर पोचवलं आणि साधारण वर्षभरात तिची चार गाणी पहिल्या दहांत नेली. तिचं खरं नाव डायोन लारू, तबकडीवरचं नाव डी डी शार्प.

१९६४ साल उजाडलं तेव्हा ती अठरा वर्षांची होती आणि रेडिओच्या लेखी तिचा जमाना सरला होता. आवाज बिघडला नव्हता, गाणं विसरली नव्हती. मग झालं काय? त्या काळात गाणं विकलं जायचं ते नाचाच्या नावावर. त्यामुळे नाच जुना झाला की त्याच्याबरोबर गाणारीही जुनी ठरायची. हे नेमकं कसं घडायचं ते तिच्या कारकिर्दीत जितकं स्वच्छ दिसतं तितकं फार कमी ठिकाणी दिसतं, म्हणून तिचंच उदाहरण घेऊ.

डान्स क्रेझ म्हणजे काय

१९६० च्या आधी अमेरिकेतली तरुण मुलंमुली नाचत नव्हती असं नाही. पण ते नाच बहुतेक जोडीने, हातात हात धरून करायचे असत. मुलाने दिशा द्यायची, मुलीने साथ द्यायची, आणि दोघांनाही ते शिकावं लागे. ट्विस्टने ही अट काढून टाकली. समोरासमोर उभं राहायचं, एकमेकांना स्पर्श करायचा नाही, आणि कंबर, गुडघे, पाय एका जागी फिरवायचे. चबी चेकर शिकवताना सांगायचा की दोन्ही पायांनी सिगारेट विझवतोय आणि अंघोळीनंतर टॉवेलने पाठ पुसतोय असं करा. एवढं ऐकून पन्नाशीचा माणूसही पाच मिनिटांत नाचू लागे.

‘द ट्विस्ट’ हे गाणं मुळात चबी चेकरचं नव्हतं. हँक बॅलर्ड आणि त्याच्या मिडनायटर्स या गटाने ते आधी काढलं होतं, तेही तबकडीच्या दुसऱ्या बाजूला. कॅमिओ-पार्कवेने १९६० मध्ये अठरा वर्षांच्या अर्नेस्ट इव्हान्सकडून ते जवळजवळ हुबेहूब गाऊन घेतलं. त्याचं ‘चबी चेकर’ हे नाव फॅट्स डॉमिनो या गायकाच्या नावावरून गमतीने बेतलेलं. गाणं सप्टेंबर १९६० मध्ये बिलबोर्ड या संगीतधंद्याच्या साप्ताहिकाच्या ‘हॉट १००’ यादीत पहिलं आलं. पुढे न्यूयॉर्कच्या पेपरमिंट लाउंज या नाइटक्लबमध्ये मोठी, श्रीमंत माणसं ट्विस्ट करायला लागली आणि तेच गाणं जानेवारी १९६२ मध्ये पुन्हा पहिलं आलं.

यातून रेकॉर्ड कंपन्यांनी धडा घेतला तो सरळ होता. नाच विकला की गाणं आपोआप विकलं जातं. मग पोनी, फ्लाय, वाटुसी, मॅश्ड पोटॅटो, बर्ड अशी रांगच लागली. आता एकाच नाचावर वर्षभर निभावण्याची कुणाची तयारी नव्हती. काही महिन्यांनी नवा नाच हवाच.

एकाच शहरातली कंपनी आणि टीव्ही

हे सगळं फिलाडेल्फियातच का घडलं, याला कारण आहे. ‘अमेरिकन बँडस्टँड’ हा कार्यक्रम तिथल्या डब्ल्यूएफआयएल वाहिनीच्या स्टुडिओतून व्हायचा, छेचाळिसावा रस्ता आणि मार्केट स्ट्रीटच्या कोपऱ्याजवळ. १९५२ पासून तो शहरापुरता होता. डिक क्लार्क १९५६ मध्ये सूत्रसंचालक झाला आणि ऑगस्ट १९५७ पासून एबीसी या राष्ट्रीय वाहिनीने कार्यक्रम देशभर दाखवायला सुरुवात केली. शाळा सुटल्यावर, रोज दुपारी. स्टुडिओत शाळकरी मुलं नाचायची, अधूनमधून एखादा गायक येऊन तबकडीवर नुसते ओठ हलवायचा, आणि दोन-तीन मुलं नव्या गाण्याला ३५ ते ९८ यांच्यामध्ये गुण द्यायची.

कॅमिओ-पार्कवेची कचेरी याच शहरात. बर्नी लो आणि काल मॅन यांनी ‘कॅमिओ’ १९५६ च्या शेवटी सुरू केली, ‘पार्कवे’ हे दुसरं लेबल नंतर आलं. न्यूयॉर्कच्या कंपनीला बँडस्टँडवर कोणता नाच चालतोय ते टीव्हीवर बघून कळायचं. कॅमिओच्या माणसांना ते स्टुडिओत उभं राहून कळायचं. मुलं एखादी नवी स्टेप करताना दिसली की तिच्या नावाचं गाणं लिहायचं, घरच्याच वादकांना बोलावून ध्वनिमुद्रित करायचं आणि ताजी तबकडी थेट बँडस्टँडच्या माणसांच्या हातात द्यायची. पहिला श्रोतृवर्ग गावातच, आणि तो देशभर दिसणारा. एवढी सोय शहराबाहेरच्या कुठल्या कंपनीला नव्हती.

या व्यवस्थेची काळी बाजू लपवून चालणार नाही. गाणी वाजवण्यासाठी पैसे देण्या-घेण्याच्या प्रकरणांची १९५९-६० मध्ये अमेरिकी काँग्रेससमोर चौकशी झाली. डिक क्लार्कचे संगीतधंद्यातल्या ३३ कंपन्यांमध्ये हितसंबंध होते. एबीसीने त्याला धंदा किंवा कार्यक्रम यांतलं एक निवडायला सांगितलं आणि त्याने धंद्यातले हिस्से सोडले. दुसरी गोष्ट याहून खोल जाणारी. फिलाडेल्फियात असताना बँडस्टँडच्या नाचायच्या जागेत कृष्णवर्णीय मुलांना जवळजवळ प्रवेश मिळत नसे. पण तिथले बरेचसे नाच त्यांच्याच वस्त्यांमधून, त्यांच्याच शाळांच्या पार्ट्यांमधून आलेले. गोरी मुलं ते शिकायची, टीव्हीवर करून दाखवायची, आणि देशाला वाटायचं की हे त्यांनीच शोधलं.

मॅश्ड पोटॅटोचंही तसंच. हा नाच गायक जेम्स ब्राउन १९५९ पासून रंगमंचावर करत होता. त्याच्या कंपनीला त्यावरची तबकडी काढण्यात रस नव्हता, म्हणून त्याने मायामीला जाऊन ‘नॅट केंड्रिक अँड द स्वान्स’ अशा दुसऱ्याच नावाखाली ती काढली. १९६० मध्ये ती कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या आर अँड बी यादीत वर गेली. म्हणजे डी डी शार्पचं गाणं येण्याच्या दोन वर्षं आधीच नाच आणि त्याचं नाव तयार होतं. तिचं गाणं आल्यावर त्याला सर्वांचं, सगळ्या वस्त्यांमधलं गिऱ्हाईक मिळालं.

स्टेप कशी करायची

गाणं ऐकून ही स्टेप कळत नाही, कारण ‘मॅश्ड पोटॅटो टाइम’च्या शब्दांत पाय कसे टाकायचे ते सांगितलेलंच नाही. सगळीकडे हाच नाच चालू आहे आणि अमक्या-तमक्या गाजलेल्या गाण्यांवर तो छान जमतो, एवढंच ते गाणं सांगतं. पाय बघायचे ते टीव्हीवर.

गुडघे किंचित वाकवून उभं राहायचं. उजवा पाऊल थोडासा मागे, डाव्याच्या लगेच पाठीमागे येईल असा टेकवायचा. टेकवताना वजन चवड्यावर, टाच आतल्या बाजूला वळलेली. मग त्याच चवड्यावर टाच बाहेर फिरवायची. लगेच डाव्या पावलाने तेच: मागे टेकवायचं, टाच आत, मग बाहेर. हे एकाआड एक चालू ठेवायचं. हात कोपरात वाकवून सैल सोडायचे, ते आपोआप पायांच्या उलट दिशेने झुलतात.

नवशिक्याचं चुकतं ते बहुधा वजनात. टाचेवर भार ठेवला तर ती फिरणारच कशी? दुसरी चूक, मागचं पाऊल फार लांब टाकणं. मग दोन-चार ठोक्यांत माणूस भिंतीपर्यंत मागे सरकतो आणि लय सुटते. पाऊल वीतभरसुद्धा मागे जायची गरज नाही. गुडघे ताठ ठेवले तर फिरण्याचा सगळा पीळ गुडघ्याच्या सांध्यावर येतो आणि दुसऱ्या दिवशी दुखतो. रबरी तळव्याचे बूट घालून करू नका, ते फरशीला धरून बसतात. चामड्याचा तळवा किंवा नुसते मोजे, आणि गुळगुळीत पण न घसरणारी जमीन, हे उत्तम. आधी संथ लयीत सोळा ठोके न चुकता जमू द्या आणि मगच गाणं लावा.

गाणं कसं बांधलं होतं

घरी पेटी असेल तर हे वाजवून बघता येईल. काळी एक, पांढरी एक, कुठलाही सा धरा. आधी सा-ग-प हे तीन सूर एकदम दाबा, मग ध-सा-ग, मग म-ध-सा, मग प-नि-रे. सगळे शुद्ध. प्रत्येक गटावर आठ ठोके थांबलात की बत्तीस ठोक्यांचं एक आवर्तन होतं आणि पुन्हा सा-ग-प वर आलं की सुटल्यासारखं वाटतं. मार्व्हलेट्स या मुलींच्या गटाचं ‘प्लीज मिस्टर पोस्टमन’ १९६१ च्या अखेरीस पहिल्या क्रमांकावर होतं, ते याच चक्रावर उभं आहे. काही महिन्यांनी आलेलं ‘मॅश्ड पोटॅटो टाइम’ त्याच चक्रावर, बरंचसं त्याच अंगाने जातं, आणि शब्दांत पोस्टमनचा उल्लेखही करतं. गीतकार म्हणून काल मॅनने ‘जॉन शेल्डन’ हे टोपणनाव वापरलं होतं. पुढे श्रेयामध्ये पोस्टमनच्या गीतकारांची नावंही जोडली गेली.

याला नुसती उचलेगिरी म्हणून मोकळं होणं बरोबर नाही. नाचणाऱ्याला नवीन चालीची गरज नसते, उलट पुढचा सूर कुठे येणार हे पायांना आधीच माहीत हवं असतं. ओळखीचं चक्र, ठळक ठेका, टाळ्या आणि मागे मुलींचा कोरस एवढ्यावर अडीच मिनिटं नाच होतो. हा कोरस होता ऑरलॉन्स या फिलाडेल्फियाच्याच गटाचा. त्यांचं स्वतःचं ‘द वा-वाटुसी’ त्याच वर्षी दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. कॅमिओत आज कोरसमध्ये उभा असलेला गट उद्या पुढच्या माइकवर असायचा आणि परवा परत मागे.

डी डी शार्पही कोरसमधूनच आली. जन्म ९ सप्टेंबर १९४५, फिलाडेल्फिया. गाणं चर्चमध्ये घडलेलं, पियानो येत होता, आणि मुख्य म्हणजे नोटेशन वाचता येत होतं. हे का महत्त्वाचं, ते स्टुडिओचा हिशोब बघितला की कळतं. वादकांच्या संघटनेच्या नियमांनुसार एक सत्र तीन तासांचं, आणि त्यात जास्तीत जास्त पंधरा मिनिटांचं तयार संगीत, म्हणजे अडीच-तीन मिनिटांची चार-पाच गाणी. वेळ लांबला की जादा पैसे. कोरसमधली मुलगी कागद बघून पहिल्याच वेळी आपला सूर लावत असेल तर कंपनीचे पैसे वाचतात. चबी चेकरच्या ‘स्लो ट्विस्टिन’मध्ये त्याच्याबरोबर जो मुलीचा आवाज आहे तो तिचा. ते गाणं १९६२ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर गेलं, आणि त्याच सुमारास तिची स्वतःची पहिली तबकडी बाजारात आली.

‘मॅश्ड पोटॅटो टाइम’ हॉट १०० मध्ये दुसरं आणि आर अँड बी यादीत पहिलं आलं. वर्षअखेरीच्या बिलबोर्ड यादीत ते १९६२ चं तिसरं सर्वांत मोठं गाणं ठरलं. त्या शरद ऋतूत पहिल्या क्रमांकावर गेलेलं बॉबी पिकेटचं ‘मॉन्स्टर मॅश’ हे भुताखेतांचं विनोदी गाणंही याच नाचाच्या नावावर रचलेलं आहे.

एका हिटनंतर काय करायचं

मोठं गाणं चाललं की कंपनीपुढे दोन रस्ते असतात. गायिकेला नवं काही द्यायचं, किंवा चाललेलंच पुन्हा द्यायचं. कॅमिओने दुसरा रस्ता धरला. उन्हाळ्यात आलं ‘ग्रेव्ही’, म्हणजे कुस्करलेल्या बटाट्यावर ओतायचा रस्सा. नाच तोच, धाटणी तीच, फक्त एक पदार्थ वाढला. नवव्या क्रमांकापर्यंत गेलं. मग ‘राइड!’, पाचवा क्रमांक. १९६३ च्या सुरुवातीला ‘डू द बर्ड’, दहावा. त्यानंतरचं ‘रॉक मी इन द क्रेडल ऑफ लव्ह’ ४३ व्या आणि ‘वाइल्ड!’ ३३ व्या क्रमांकाच्या वर गेलं नाही. पुढची गाणी शंभरांच्या तळाशी कशीबशी टेकली.

दोन, नऊ, पाच, दहा, त्रेचाळीस, तेहतीस. ही घसरण समजून घ्यायची तर तबकडी घेणारा कोण होता ते बघायला हवं. १९६२ मध्ये चौदा वर्षांचा असलेला मुलगा १९६३ च्या अखेरीस सोळाचा झाला. त्याच्या मागून आलेल्या चौदा वर्षांच्या मुलांना थोरल्या भावाबहिणीचा नाच नको होता. साधं प्रेमगीत असलं तर दहा वर्षांनी पुन्हा वाजवता येतं. ज्या गाण्यात ‘हा सगळ्यांत नवा नाच’ असं म्हटलंय, ते सहा महिन्यांनी वाजवलं की स्वतःच स्वतःला खोटं पाडतं. कंपनीने तिच्यासाठी लिहून घेतलेलं जवळजवळ प्रत्येक मोठं गाणं असं होतं.

इथे ‘द लोको-मोशन’ची गोष्ट सांगायलाच हवी. गेरी गॉफिन आणि कॅरोल किंग या न्यूयॉर्कच्या गीतकार दांपत्याने ते डी डी शार्पला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं होतं. तिच्या बाजूने नकार आला. मग त्यांच्या मुलीला सांभाळणाऱ्या इव्हा बॉइड या नॉर्थ कॅरोलायनाच्या मुलीने गायलेलीच तबकडी बाजारात गेली, लिटल इव्हा या नावाने, आणि ऑगस्ट १९६२ मध्ये पहिल्या क्रमांकावर पोचली. इव्हा तेव्हा एकोणीस वर्षांची होती. या गाण्यात स्टेप शब्दांत सांगितलेली आहे. पण गाणं लिहिलं तेव्हा असा नाच कुठे अस्तित्वातच नव्हता. लोक विचारायला लागल्यावर इव्हाला तो बसवावा लागला. चाली आणि शब्द इतके पक्के की १९७४ मध्ये ग्रँड फंक रेलरोडने आणि १९८७-८८ मध्ये कायली मिनोगने ते पुन्हा गाजवलं. इव्हाच्या वाट्याला मात्र यातलं फारसं काही आलं नाही. १९७१ मध्ये तिने संगीत सोडलं, गावी परतून साधी कामं केली, आणि बऱ्याच वर्षांनी जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमांतून पुन्हा मंचावर आली. २००३ मध्ये ती गेली.

पैसे कोणाला मिळायचे

हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण सगळी मेख इथेच आहे.

त्या काळी एका छोट्या तबकडीची छापील किंमत साधारण ९८ सेंट. खालचा हिशोब नुसता समजण्यासाठी मांडलेला आहे, डी डी शार्पच्या कराराचा नाही. समजा नवख्या गायिकेला ४ टक्के मिळायचे आणि तेही विक्रीच्या ९० टक्क्यांवर, कारण उरलेले दहा टक्के फुटतूट म्हणून वगळायची पद्धत होती. म्हणजे एका तबकडीमागे साडेतीन सेंट. दहा लाख तबकड्या खपल्या तर ३५ हजार डॉलर. पण हे तिच्या हातात पडत नाहीत. आधी त्यातून वादकांचे पैसे, संयोजकाचे पैसे, स्टुडिओचं भाडं, तिला दिलेली उचल, कधी कपडे आणि प्रवास, हे सारं वळतं करून घेतलं जातं. पुढची तबकडी पडली तर तिचा खर्चही आधीच्या कमाईतून वजा. उरलेल्यातून मॅनेजरचा वाटा. सोळा वर्षांच्या मुलीच्या वतीने करारावर पालक सही करणार, आणि हिशोबाची वही कंपनीकडे.

आता गीतकार आणि प्रकाशकाची बाजू. अमेरिकेत १९०९ च्या कायद्याने ठरवलेला दर एका गाण्याच्या प्रत्येक प्रतीमागे २ सेंट होता आणि तो १९७८ पर्यंत तसाच राहिला. तबकडीला दोन बाजू. मागच्या बाजूचं गाणं कुणी ऐको न ऐको, तबकडी खपली की त्याचेही २ सेंट. म्हणून कंपन्या मागच्या बाजूला हटकून आपल्याच गीतकाराचं, आपल्याच प्रकाशनाचं गाणं घालायच्या. दहा लाख प्रतींचे दोन्ही बाजू मिळून ४० हजार डॉलर, निम्मे प्रकाशकाचे, निम्मे गीतकाराचे. यातून स्टुडिओचा खर्च कापला जात नाही. त्यावर रेडिओवर गाणं वाजलं की गीतकाराला वेगळं मानधन. गाणाऱ्याला मात्र अमेरिकेतलं रेडिओ केंद्र तेव्हाही काही देत नव्हतं आणि आजही देत नाही.

कॅमिओचे मालकच गीतकार, आणि प्रकाशनही घरचंच. बाहेरच्या दांपत्याचं ‘लोको-मोशन’ घेतलं असतं तर ते २ सेंट बाहेर गेले असते. हे गणित डोळ्यांसमोर ठेवलं तर त्या नकाराचं फारसं आश्चर्य वाटत नाही. गायिकेच्या दृष्टीने मात्र तो महागात पडला.

मग गाणाऱ्याचं पोट कशावर चालायचं? दौऱ्यांवर. दहा-बारा कलाकार एका बसमध्ये, रोज नवं गाव, प्रत्येकाने आपली दोन-तीन हिट गाणी म्हणायची आणि उतरायचं. साथीला एकच वाद्यवृंद, म्हणून आपल्या गाण्यांचं नोटेशन स्वतः घेऊन जावं लागे. उत्तरेकडच्या शहरांत कृष्णवर्णीय कलाकारांची ठरलेली थिएटरं होती: फिलाडेल्फियाचं अपटाउन, न्यूयॉर्कचं अपोलो, वॉशिंग्टनचं हॉवर्ड, बाल्टिमोरचं रॉयल, शिकागोचं रीगल. दक्षिणेकडे उतरलं की अनेक हॉटेलं आणि खानावळी कृष्णवर्णीयांना दारात उभं करत नसत. नागरी हक्क कायदा जुलै १९६४ मध्ये झाला, म्हणजे डी डी शार्पच्या भरभराटीचा सगळा काळ त्याच्या आधीचा. ज्या गावात तिच्या गाण्यावर गोरी मुलं नाचत होती, त्याच गावात रात्री झोपायला जागा शोधावी लागायची.

१९६४

बँडस्टँड सप्टेंबर १९६३ पासून रोजचा साप्ताहिक झाला, शनिवारपुरता. फेब्रुवारी १९६४ मध्ये तो फिलाडेल्फिया सोडून लॉस एंजेलिसला गेला. त्याच महिन्याच्या ९ तारखेला बीटल्स पहिल्यांदा एड सलिव्हनच्या टीव्ही कार्यक्रमात दिसले. पुष्कळ लेखांत सगळं खापर बीटल्सवर फोडलेलं असतं. मला ते अर्धंच पटतं. ‘वाइल्ड!’ ३३ वर अडकलं तेव्हा अमेरिकेत बीटल्सना कुणी ओळखतही नव्हतं. कॅमिओचा खरा आधार बँडस्टँडची जवळीक हा होता, आणि तो गेल्यावर कंपनीकडे दुसरा काही उपाय नव्हता. मूळ मालकही लवकरच बाहेर पडले. १९६७ मध्ये अ‍ॅलन क्लाइन या संगीतधंद्यातल्या मॅनेजरने कंपनीचा ताबा घेतला.

त्यानंतर जे झालं ते गायकांसाठी आणखी वाईट. क्लाइनच्या ‘अ‍ॅबको’ या कंपनीने मूळ ध्वनिमुद्रणं वर्षानुवर्षं सीडीवर आणलीच नाहीत. कॅसेटचा काळ गेला, सीडीचा बहर आला, आणि हॉट १०० मध्ये दोनदा पहिलं आलेलं ‘द ट्विस्ट’सुद्धा मूळ रूपात अधिकृतपणे मिळत नव्हतं. ती गाणी २००५ मध्ये अखेर संचात आली. मधली जवळजवळ चाळीस वर्षं कलाकार दुसऱ्या कंपन्यांसाठी तीच गाणी नव्याने गाऊन देत राहिले, कारण लोकांनी मागणी केली तर विकायला दुसरं काही नव्हतं.

नंतरची डी डी

डी डी शार्पने १९६७ मध्ये गीतकार-निर्माता केनी गॅम्बलशी लग्न केलं. गॅम्बल आणि लिऑन हफ या जोडीने १९७१ मध्ये फिलाडेल्फिया इंटरनॅशनल ही कंपनी काढली आणि सत्तरच्या दशकातलं तंतुवाद्यांनी भरलेलं ‘फिलाडेल्फिया सोल’ जगभर गेलं. त्याची मुळं कॅमिओतच आहेत. सिग्मा साउंड हा स्टुडिओ १९६८ मध्ये उभा करणारा जो टार्सिया आधी कॅमिओ-पार्कवेचा मुख्य ध्वनिमुद्रक होता. संयोजक थॉम बेल कॅमिओच्या काळात चबी चेकरसाठी काम करत होता. ३०९ साउथ ब्रॉड स्ट्रीटवरची जी इमारत आधी कॅमिओची होती, तिथेच पुढे गॅम्बल-हफ बसले.

१९६८ मध्ये तिने ‘व्हॉट काइंड ऑफ लेडी’ गायलं. माझ्या मते तिचं सर्वांत चांगलं गाणं तेच. त्यात कुठल्याच नाचाचं नाव नाही, आणि तरी इंग्लंडच्या उत्तरेकडच्या ‘नॉर्दर्न सोल’ नाचणाऱ्यांनी तेच उचललं. आवाजाचा खालचा, जाड भाग, जो १९६२ च्या गाण्यांत वापरलाच नव्हता, तो इथे पहिल्यांदा मोकळा ऐकू येतो. सत्तरच्या दशकात तिचे स्वतंत्र अल्बम आले. १९८१ मध्ये ‘ब्रेकिंग अँड एंटरिंग’ आणि ‘ईझी मनी’ बिलबोर्डच्या डान्स क्लब यादीत चार आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिली. तेव्हा ती पस्तिशीत होती.

ऐकायचं ठरवलंत तर क्रम असा ठेवा. आधी मार्व्हलेट्सचं ‘पोस्टमन’, बत्तीस ठोके मोजत. लगेच ‘मॅश्ड पोटॅटो टाइम’, म्हणजे उसनं काय आणि तिचं काय ते वेगळं कळेल. मग ‘राइड!’ आणि शेवटी ‘व्हॉट काइंड ऑफ लेडी’. ऑनलाइन शोधताना एक काळजी घ्या: तिच्या जुन्या गाण्यांची नंतर पुन्हा गायलेली रूपंही फिरत असतात. ढोल स्वच्छ आणि खणखणीत, आवाज डाव्या-उजव्या कानात रुंद पसरलेला, मागे सिंथेसायझर, असं असलं तर ते १९६२ चं नाही. मूळ तबकडी मोनो आहे, सगळं एकाच ठिकाणाहून येतं, आणि कोरस तिच्या आवाजाला अगदी खेटून उभा असतो. माहितीत ‘कॅमिओ-पार्कवे’ किंवा ‘अ‍ॅबको’ हे नाव दिसलं की खात्री धरा.